धुण्याआधी बाटली उलटी करून पाहा

ताई, भाटात माडाला आळे करताना काळपट हिरवी चौकोनी बाटली मिळाली. बुडाशी अरुंद, खांद्याकडे रुंद. अक्षर एकही नाही. काचेवर रंगीबेरंगी झाक आली आहे, ती घासून काढू का? किंमत किती येईल?
— एक वाचक, डिचोली

घासू नका, ही पहिली विनंती. ती झाक म्हणजे मळ नव्हे. ओल्या मातीत वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या काचेतले क्षार झिरपून जातात आणि वरचा पातळ थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. त्यावर उजेड पडला की रंग दिसतात. आपल्याकडच्या पावसात जमिनीत राहिलेल्या काचेवर हे होतेच. तारेच्या घासणीने किंवा आम्लाने ती काच कायमची खराब होते. कोमट पाण्यात भिजत ठेवा, माती आपोआप सुटू द्या. तेवढे पुरे.

बाटली जिनची दिसते. हॉलंडची जिन लाकडी पेट्यांतून जहाजाने जगभर जायची. गोल बाटल्यांनी पेटीतली जागा वाया जाते, म्हणून ही चौकोनी. खाली निमुळती असल्याने साच्यातून सहज निघायची. पण हा घाट दोन-अडीच शतके जवळजवळ बदललाच नाही, त्यामुळे नुसत्या आकारावरून वय सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका.

वय बूड आणि तोंड सांगतात. पूर्वी कारागीर बाटलीचे तोंड घडवताना तिचे बूड लोखंडी सळईला चिकटवून धरायचा. सळई तोडून काढली की तिथे खरबरीत व्रण राहायचा. बुडाच्या मधोमध बोट फिरवा (जपून, कड धारदार असते). व्रण लागला तर बाटली बहुधा १८६०च्या आधीची. मग साच्याची जोडरेषा शोधा. ती मानेवरच विरली असेल तर तोंड हाताने केलेले आहे. ओठावरून पार गेली असेल तर बाटली यंत्राची, म्हणजे विसाव्या शतकातली. मायकेल ओवेन्सचे स्वयंचलित यंत्र १९०३चे. काचेतल्या बुडबुड्यांवरून मात्र काही ठरवू नका, शोभेच्या नव्या बाटल्यांत ते मुद्दाम सोडतात. त्यापेक्षा बुडावरची झीज पाहा. खऱ्या वापराचे ओरखडे वेड्यावाकड्या दिशांना जातात, पॉलिश पेपरने पाडलेले एकाच दिशेने.

किमतीचे म्हणाल तर बिनअक्षरी जिनची बाटली दुर्मीळ नाही. व्रण असेल, तोंडाची कपची उडालेली नसेल, तर मी दोन-तीन हजारांपर्यंत जाईन. यंत्राची असेल तर दोनशेच्या वर नाही. इंटरनेटवर लोक काय मागतात ते पाहून हुरळू नका, प्रत्यक्ष किती रुपयांना विकली गेली ते शोधा. आणि आजच एका कागदावर लिहून ठेवा : कोणत्या माडाखाली, किती खोल, सोबत आणखी काय निघाले. खापरे, चिनी मातीचे तुकडे फेकले असतील तर परत गोळा करा. बाटली विकली तर पैसे येतील, पण तुमच्या भाटात कोण राहत होते, काय वापरत होते, हे त्या तुकड्यांशिवाय कळणार नाही.

आजोबांच्या कपाटात निळी, सहा बाजूंची छोटी बाटली सापडली. तीन बाजूंना उभ्या रेघा आहेत. काचेतच उठावाने ‘फार्मासिया’ आणि ‘नोव्हा गोवा’ लिहिले आहे. आत तपकिरी पूड आहे. भंगारवाला पन्नास रुपये देतो म्हणतो.
— एक वाचक, मडगाव

देऊ नका! आणि ती पूड उघडू नका, हुंगू नका. निळ्या काचेत, हाताला लागतील अशा रेघांच्या बाटल्यांत विषारी औषधे भरत, म्हणजे रात्री अंधारात चुकीची बाटली हातात आली तर बोटांना कळावे. जुन्या औषधांत पारा, सोमल असे. बूच तसेच राहू द्या, बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

आता अक्षरे. पणजीला ‘नोव्हा गोवा’ हे अधिकृत नाव १८४३मध्ये मिळाले, म्हणजे बाटली त्यानंतरची. पुढचा धागा ‘फार्मासिया’चे पहिले अक्षर. ते पी-एच असे जोडीने आहे की नुसते एफ? पोर्तुगालने १९११मध्ये शुद्धलेखन बदलले आणि पी-एच गेला. जोडीने असेल तर बाटली बहुधा त्याआधीची, फार तर थोडी नंतरची, कारण जुना साचा कोणी लगेच मोडत नाही. पणजीत पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रे आहेत. त्यांतल्या जाहिरातींत या औषधालयाचे नाव शोधा. पत्ता जुळला तर बाटलीचे मोल कितीतरी वाढते.

परदेशी बाजारात साध्या निळ्या विषबाटल्या पुष्कळ मिळतात. पण गोव्यातल्या औषधालयाचे नाव असलेली बाटली गोव्यातच मौल्यवान, आणि ती इथेच राहावी असे मला मनापासून वाटते. तुमच्या जागी मी असते तर विकली नसती.

गोटी सोड्याची बाटली जुनी आहे हे कसे ओळखावे?
— एक वाचक, म्हापसा

हायरम कॉडची ही युक्ती १८७०च्या दशकातली. आतला वायू गोटीला रबरी कडीवर दाबून धरतो. भारतात या बाटल्या अजूनही बनतात, त्यामुळे बहुतेक बाटल्या नव्याच निघतात. उठावाची अक्षरे, गावाचे नाव असेल तरच फोटो पाठवा.

लिस्बनला राहणाऱ्या पुतण्याला शंभर वर्षांहून जुनी बाटली भेट पाठवता येईल का?
— एक वाचक, फोंडा

नाही. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वा ऐतिहासिक वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. बाटली त्यात बसते का अशी शंका असेल, तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्या आणि मगच पाठवा. तोवर पुतण्याला फोटो पाठवा, बुडाचासुद्धा.