मोबाईल काढून घेतला की पोरगा अंगावर येतो, मेंदूचा एमआरआय काढू का?

हा प्रश्न मला इतके आईबाप विचारतात की आधी त्याचंच उत्तर देऊन टाकते. नका काढू. गेमिंगचं व्यसन एमआरआयमध्ये दिसत नाही. खूप गेम खेळणाऱ्या मुलांच्या मेंदूवर संशोधन झालंय, न खेळणाऱ्यांच्या तुलनेत गटागटात फरकही सापडलेत, पण एका पोराचा स्कॅन बघून "याला व्यसन लागलंय" असं कुणी सांगू शकत नाही, आणि तो फरक गेममुळे झाला की मुळातच होता हेही त्यातून कळत नाही. ते पैसे ठेवा.

आता केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. दहावीतला मुलगा, आई शिक्षिका, वडील एमआयडीसीत शिफ्टला. रात्री जेवायला हाका मारून मारून वडील वैतागले आणि त्यांनी सरळ राऊटरची वायर उपटली. पोरानं समोरचा तांब्या भिरकावला, टीव्हीची स्क्रीन गेली, मधे पडलेल्या आईला धक्का बसला. आई म्हणाली, "मॅडम, पाच मिनिटांनी तोच माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडत होता. मग मगाशी अंगात काय शिरलं होतं?"

मुलाशी एकट्याशी बोलले. बराच वेळ नखं खात गप्प बसला, मग म्हणाला, "मॅडम, मॅच पॉज होत नाही हे पप्पांना कळतच नाही. लास्ट झोन होता, आम्ही दोघंच उरलेलो, आणि नेट गेलं." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बीजीएमआय हा मोबाईलवर टीम करून खेळायचा गोळ्या मारायचा गेम, त्याची एक मोठी मॅच साधारण अर्धा तास चालते, शेवटच्या काही मिनिटांत सगळं ठरतं, मधेच गायब झालं तर रँक घसरते आणि स्क्वॉडमधली, म्हणजे टीममधली पोरं शिव्या घालतात ते वेगळंच.

मेंदूचा मुद्दा इथेच येतो. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते अर्धवट आहे. ते जास्त करून अपेक्षेचं काम करतं. वोल्फ्राम शुल्ट्झ या शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले होते, ठरावीक खूण दिसली की रस मिळतो हे माकडाला पाठ झालं की डोपामिनच्या पेशी खूण दिसल्यावरच पेटायच्या, आणि खूण दाखवून रस दिलाच नाही तर त्याच पेशी नेहमीपेक्षाही थंड पडायच्या. म्हणजे हातातोंडाशी आलेला घास गेला की मेंदूला नुसतं "मिळालं नाही" एवढंच वाटत नाही, तो खरोखर खाली आपटतो. राऊटर बंद झाला तेव्हा हा पोरगा बरोबर त्याच जागी होता. त्यात भडका उडवणारा अमिग्डला या वयात जोरात असतो आणि त्याला आवरणारा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते.

मी आईला झोपेचं विचारलं. रात्री दोन-अडीचला झोपायचा, सकाळी सहाला क्लास. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, रात्रभर जागवलेल्या तरुणांना त्रासदायक चित्रं दाखवली तर त्यांचा अमिग्डला झोपलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के जास्त भडकला आणि प्रीफ्रंटलशी त्याचं कनेक्शन ढिलं पडलं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या भांडणांचं मूळ गेमपेक्षा या जागरणात असतं असं माझं मत आहे. "गोळ्या मारायचे गेम खेळून हिंसक झाला" हे वडिलांचं म्हणणं मला पटलं नाही, त्यावर संशोधकांचंही एकमत नाही, आणि या घरात तरी तांब्या गेम चालू असताना फेकला नव्हता, बंद पाडल्यावर फेकला होता. अर्थात म्हणून आईला ढकललेलं चालतं असं नाही, ते त्याला मी स्पष्ट सांगितलं, आणि टीव्हीचे पैसे त्याच्या पॉकेटमनीतून थोडे थोडे कापायचं त्यानेच कबूल केलं.

केलं काय तर आधी झोप धरली. अकराला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, पप्पांचा पण (यावर सगळ्यात जास्त वाद झाला, कारण त्यांना झोपताना रील्स लागतात). दुसरं, वेळ संपल्यावर हिसकावायचं नाही, तर साडेनऊनंतर नवीन मॅच लावायची नाही, चालू असलेली संपवायची आणि उठायचं. वडील म्हणाले, "म्हणजे माझ्याच घरात राऊटर बंद करायला मी याची परवानगी घेऊ?" म्हटलं परवानगी नको हो, फक्त दुपारी शांत असताना नियम ठरवा, भांडणात नको. तिसरं, आवाज चढला की दोघांपैकी एकानं खोलीबाहेर जायचं, वीस मिनिटं कुणी कुणाला समजवायचं नाही.

मग हळूहळू खरं बाहेर आलं, आठवीत शाळा बदलल्यापासून वर्गात मित्र नव्हता आणि गणितात नापास होत होता, स्क्वॉडमध्ये मात्र सगळे याला भाई म्हणायचे. गणितासाठी शिकवणी बदलली. दिवाळीच्या सुट्टीत गाडी परत घसरली, पहाटेपर्यंत खेळला, पण वस्तू फेकली नाही. आज तो गेम खेळतो, ओरडतो पण कधीकधी.

प्रत्येक चिडणारं पोर व्यसनी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीमध्ये, जी २०२२ पासून लागू आहे, गेमिंग डिसऑर्डर म्हणायला ताबा सुटणं, गेमपुढे बाकी सगळं मागे पडणं आणि नुकसान दिसूनही चालूच ठेवणं हे साधारण १२ महिने दिसावं लागतं. पण मारहाण होत असेल, हातात सुरी घेतली, "जीव देतो" म्हणाला, तर वर्ष मोजत बसू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. त्यामागे डिप्रेशन किंवा एडीएचडीही (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावं कळत नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलतात.