भूकंपाच्या डेटावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पायथन बऱ्यापैकी येतं. भूकंपाच्या नोंदींवर प्रक्रिया करणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या कामात जावंसं वाटतं. ऑब्सपाय ही भूकंपाच्या नोंदी हाताळणारी पायथन लायब्ररी इन्स्टॉल करून त्यातली उदाहरणं चालवून पाहिली, पण पुढे काय करावं कळत नाही. या क्षेत्रातली सगळी सॉफ्टवेअर्स शिकावी लागतात का? आणि यात नोकऱ्या आहेत का?

उत्तर : सगळी शिकण्याच्या मागे लागू नकोस. ऑब्सपाय हाताशी आहे तेवढं सध्या पुरे. उदाहरणं चालली याचा अर्थ इन्स्टॉलेशन नीट झालं, एवढाच. त्यातला डेटा निवडून ठेवलेला असतो. खरं शिक्षण सुरू होतं ते डेटा बिघडलेला असतो तेव्हा. म्हणून पुढचे काही महिने दोनच भूकंप घे, एक मोठा आणि दूरचा, एक छोटा आणि जवळचा, आणि कच्च्या काउंट्सपासून, म्हणजे यंत्राने नोंदवलेल्या मूळ आकड्यांपासून, शेवटच्या आकड्यापर्यंत सगळं स्वतः कर.

मोठा म्हणून ११ मार्च २०११ चा जपानमधला तोहोकू भूकंप घे. वेळ ०५:४६ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. भूकंपाच्या डेटात सगळं यूटीसीतच असतं, स्थानिक वेळ मधे आणू नकोस. अमेरिकेतल्या अल्बुकर्कीजवळच्या स्टेशनचा डेटा एफडीएसएन (भूकंपमापन जाळ्यांचा आंतरराष्ट्रीय संघ) वेब सर्व्हिसमधून मोफत मिळतो : नेटवर्क आययू, स्टेशन एएनएमओ, लोकेशन ००, चॅनल बीएचझेड (ब्रॉडबँड यंत्राची उभ्या दिशेची नोंद). लोकेशन कोड जपून लिही. रिकामा कोड आणि ०० हे दोन वेगळे कोड आहेत, आणि तिथे चूक झाली की डेटा असूनही ‘डेटा नाही’ असं उत्तर येतं. भूकंपापासून स्टेशनपर्यंतचं अंतर, पृथ्वीच्या केंद्राशी होणाऱ्या कोनात मोजलं तर, साधारण ८३ अंश भरतं. ऑब्सपायमधल्या टाउ-पी या प्रवासकाळाच्या मॉड्यूलने काढलंस तर पी-लहर, म्हणजे सर्वांत आधी येणारी लहर, सव्वाबारा ते साडेबारा मिनिटांत पोचायला हवी. आलेखात ती तिथेच दिसते का ते बघ.

आता यंत्राचा रिस्पॉन्स, म्हणजे यंत्राचा नोंदीवरचा परिणाम, काढून टाक आणि काउंट्सचं रूपांतर मीटर प्रति सेकंदात कर. नवशिक्यांचं काम सर्वांत जास्त इथे फसतं. ब्रॉडबँड सिस्मोमीटरची संवेदनशीलता एका मर्यादेखालच्या फ्रिक्वेन्सीला झपाट्याने कमी होते. रिस्पॉन्स काढताना आपण त्या कमी झालेल्या आकड्याने भागतो, त्यामुळे तिथला गोंगाट प्रचंड फुगतो. आलेखात भूकंप गायब होतो आणि एक संथ, अवाढव्य हेलकावा उरतो. विस्थापन मागितलंस तर आणखी वाईट, कारण इंटिग्रेशनमुळे कमी फ्रिक्वेन्सीचा गोंगाट पुन्हा वाढतो. उपाय : आधी डीट्रेंड (नोंदीतला संथ कल काढणं), मग टेपर (दोन्ही टोकं हळूहळू शून्यावर आणणं), आणि रिस्पॉन्स काढताना प्री-फिल्टरच्या चार मर्यादा द्यायच्या. सेकंदाला २० सॅम्पल असतील तर ०.००५, ०.०१, ८ आणि ९.५ हर्ट्झ इथून सुरुवात कर. वरची मर्यादा नायक्विस्टच्या, म्हणजे सॅम्पलिंगच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीच्या, इथे १० हर्ट्झच्या आत ठेव. नंतर पहिले दोन आकडे बदलून काय होतं ते पाहा. त्या एका संध्याकाळी जे कळेल ते पाठ्यपुस्तकाच्या प्रकरणातून कळत नाही.

नायक्विस्टवरून आठवलं, इशारे वाचत जा. बँडपास (दोन मर्यादांमधल्याच फ्रिक्वेन्सी ठेवणारा फिल्टर) लावताना वरची मर्यादा नायक्विस्टच्या पुढे गेली तर ऑब्सपाय थांबत नाही. फक्त इशारा देऊन हायपास, म्हणजे खालचीच मर्यादा पाळणारा फिल्टर, लावतो. सेकंदाला एकच सॅम्पल असलेल्या एलएचझेड चॅनलवर ही चूक सहज होते.

छोट्या भूकंपासाठी सेकंदाला १०० सॅम्पलचा एचएच चॅनल आणि जवळची चार-पाच स्टेशनं घे. डेटात खंड असतील तर ते शून्याने भरू नकोस. त्या ठिकाणी पायरी तयार होते, फिल्टर तिच्यावर थरथरतो आणि एसटीए/एलटीए (अल्पकाळाच्या आणि दीर्घकाळाच्या सरासरीचं गुणोत्तर पाहून भूकंप हुडकणारी पद्धत) त्यालाच भूकंप समजतो. तुकडे वेगळे ठेवून प्रत्येकावर स्वतंत्र प्रक्रिया कर. एसटीए १ सेकंद आणि एलटीए ३० सेकंद ही चांगली सुरुवात आहे. पी-लहरीची सुरुवात टिपायची असेल तर झीरो-फेज फिल्टर (नोंदीवर पुढून आणि मागून असा दोनदा चालणारा) टाळ : तो ऊर्जा मागे पसरवतो आणि लहर प्रत्यक्षापेक्षा आधी आल्यासारखी दिसते.

मग लोकल मॅग्निट्यूड, म्हणजे जवळच्या भूकंपाची तीव्रता सांगणारा आकडा, काढ आणि अधिकृत कॅटलॉगशी ताडून बघ. फरक साधारण ०.१३ चा आला तर वूड-अँडरसन यंत्राचं, म्हणजे हे मोजमाप ज्यावर बेतलं त्या जुन्या भूकंपमापकाचं, वर्धन तपास. जुना आकडा २८०० होता, नंतर २०८० स्वीकारला गेला, आणि दोघांतला फरक नेमका तेवढाच भरतो. अंतराची दुरुस्तीही प्रदेशागणिक बदलते. कॅलिफोर्नियाचं सूत्र दुसरीकडे जसंच्या तसं चालत नाही.

लहरींच्या वेळा आपोआप टिपणाऱ्या फेजनेटसारख्या मशीन लर्निंग मॉडेल्सकडे, आणि ती एकत्र देणाऱ्या साइसबेंच या पॅकेजकडे, यानंतर वळ. मॉडेलने टिपलेली वेळ चुकीची आहे हे ओळखायला आधी शेकडो लहरी स्वतःच्या नजरेने पाहिलेल्या असाव्या लागतात.

ओपन सोर्समध्ये योगदान द्यायला मोठा कोड लिहावा लागत नाही. वरचं काम करताना एखादा दोष सापडेलच. तो दाखवणारा दहा-पंधरा ओळींचा कोड आणि काही किलोबाइटचा कापलेला मिनीसीड (भूकंपनोंदींचा फाइल प्रकार) नमुना जोडून इश्यू, म्हणजे दोषाची तक्रार, नोंदव. मग आधी फेल होणारी टेस्ट लिही, त्यानंतर दुरुस्ती. टेस्टशिवाय आलेली पुल रिक्वेस्ट (बदल सामील करण्याची विनंती) बहुतेक अडकून पडते. सोबत थोडं फोरट्रान आणि सी वाचायला शीक. भूकंपाची जागा काढणारं हायपोडीडी आणि लहरींचं सिम्युलेशन करणारं स्पेकफेम फोरट्रानमध्ये आहेत, जागा काढणारंच नॉनलिनलॉक सीमध्ये, आणि हा कोड कंपाइल करून देऊ शकणारी माणसं प्रत्येक संशोधन गटाला हवी असतात.

नोकऱ्या आहेत, पण थोड्या आणि विखुरलेल्या. भूकंपमापन जाळ्यांच्या केंद्रांत विश्लेषक लागतात. अनेक केंद्रांत जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या जीएफझेड या भूविज्ञान संशोधन केंद्रात जन्मलेलं साइसकॉम्प हे भूकंपनिरीक्षणाचं सॉफ्टवेअर चालतं, तेव्हा लिनक्स आणि डेटाबेस यायला हवेत. अणुचाचणीबंदीसाठी व्हिएन्नातून चालणाऱ्या निगराणी जाळ्यासाठी ५० मुख्य आणि १२० साहाय्यक भूकंपस्टेशनं ठरलेली आहेत, तिथेही असंच काम असतं. विमा आणि धोका-मूल्यमापनात ओपनक्वेक हे भूकंपाच्या धोक्याचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर वापरतात. तिथे भूकंपशास्त्राइतकीच संख्याशास्त्राची गरज पडते. यातल्या बहुतेक जागांना एम.एस्सी. लागते, तेव्हा जिओफिजिक्सच्या प्रवेशाची तयारी आत्तापासून कर आणि सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर मिळाला तर सोडू नकोस.

अर्जासोबत या दोन भूकंपांची रिपॉझिटरी दे. तिच्यात कोंडाची (पॅकेजेस बसवणारं साधन) एन्व्हायर्नमेंट फाइल हवी, पॅकेजेसच्या आवृत्त्यांसकट. दुसऱ्या संगणकावर नव्याने उतरवून सगळं चालतंय याची खात्री करून घे आणि मगच लिंक पाठव.