दिवाळी अंक पेन्सिल घेऊन वाच

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

चांगली कथा वाचली की लिहावंसं वाटतं आणि कागद समोर घेतला की काहीच सुचत नाही, असं तू कळवलंस. म्हणून तुझ्या अंगी लेखन नाही, असं मुळीच समजू नकोस. तू भरपूर वाचतेस, पण वाचकासारखं. लिहिणाऱ्याला थोडं वेगळं वाचावं लागतं, आणि ते सरावानं येतं.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथेची ही शाळा भरते आहे. तू तिथेच बस. एकाच अंकात पाच-सहा कथाकार शेजारी शेजारी भेटतात, आणि कथा एका बैठकीत संपते. नवे अंक महाग पडतात; पण पुष्कळ वाचनालयं दिवाळीनंतर ठरावीक वर्गणीत अंक बदलून देतात. जुने अंक रद्दीवाल्याकडेही सापडतात.

मनापासून आवडलेली एकच कथा निवड. ती आधी फक्त आनंदासाठी वाच. दोन दिवस जाऊ दे, मग तिची झेरॉक्स काढून पेन्सिल घे. प्रत्येक परिच्छेदासमोर समासात तीन-चार शब्दांत लिही, इथे नवं काय कळलं. काळ पुढे-मागे गेला की आडवी रेघ, संवाद सुरू झाला की फुली. शेवटच्या पानापर्यंत कथेचा सांगाडा हाती येतो. ज्या जागी तुझे डोळे भरून आले होते तिथे पुन्हा जा: लेखकानं तिथे दुःखाचा शब्दही वापरलेला नसेल. मग पहिलं पान वहीत हातानं उतरवून काढ. टाइप करू नकोस. हात सावकाश चालतो, म्हणून स्वल्पविराम कुठे आणि का पडला हे जाणवतं.

आता तुझं लिखाण. रोज वीस मिनिटं, दीडशे शब्द, आणि तेही त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलेलं. ‘आजीला खूप एकटं वाटत होतं’ हे वाक्य वाचकाला काहीच दाखवत नाही. ‘आजीनं दोन ताटं मांडली, थोडा वेळ बघत राहिली, मग एक उचलून परत मांडणीत ठेवलं.’ इथे एकटेपण हा शब्द नाही, तरी ते घरभर आहे. बहुतेक नवशिके असं लिहितातही, पण भरवसा वाटत नाही म्हणून खाली अर्थ सांगणारं एक वाक्य जोडतात. तेवढं खोड.

लिहिलं त्याच दिवशी दुरुस्त करू नकोस. आठ दिवसांनी मोठ्यानं वाच. जीभ अडखळते तिथे वाक्य बिघडलेलं असतं. पहिला परिच्छेद झाकून कथा सुरू होते का, तेही पाहा. पुष्कळदा होते, कारण तो आपण स्वतःला तयार करायला लिहिलेला असतो.

शुद्धलेखनाचा कंटाळा करू नकोस. ‘कवी’ दीर्घ, पण ‘कविमन’ ऱ्हस्व. ‘दूध’, पण ‘दुधात’. असे दहा-बारा नियम पाठ झाले की निम्म्या चुका जातात.

दिवाळी अंकाला कथा पाठवायची तर दसऱ्याची वाट पाहू नकोस, तोवर अंक छापखान्यात असतो. मे-जूनमध्ये पाठव. मजकूर युनिकोडमध्येच असू दे, जुन्या फॉन्टमधली अक्षरं दुसऱ्याच्या संगणकावर चिन्हं होऊन उमटतात. एक कथा एका वेळी एकाच अंकाला. दोन-अडीच महिने उत्तर आलं नाही तर एका ओळीत नम्रपणे विचार. नकार आला, तर ती कथा वाईट असेलच असं नाही. पानं भरलेली असतात, त्याच विषयाची कथा आधी घेतलेली असते. पुन्हा एकदा मोठ्यानं वाच आणि दुसरीकडे पाठव.

या आठवड्यात मात्र कथा निवडून झेरॉक्स काढणं, एवढंच काम. समास भरले की ती पानं मला पाठव. तू कुठे फुल्या मारल्यास, ते बघायची मला फार उत्सुकता आहे.

कळावे.