अंडाशयाच्या नसांवर, म्हणजे मज्जातंतूंवर, काम करणार आहेस ना?

साताऱ्यात बसून हा विषय घेतलास, आवडलं. पण प्राणी-नीतिसमितीची मंजुरी आली म्हणून लगेच नस कापायला धावू नकोस. आधी उंदराच्या मादीचं ऋतुचक्र, म्हणजे प्रजननाचं चक्र, ओळखायला शीक. ते ४-५ दिवसांचं असतं. रोज ठरल्या वेळी योनीतला स्राव काचपट्टीवर घ्यायचा, पेशी बघायच्या. कंटाळवाणं आहे, पण सगळा डोलारा त्यावरच. उजेड १२ तास, अंधार १२ तास. आपल्याकडे विजेचा नेम नाही, तेव्हा टायमर इन्व्हर्टरवरच लाव. दिवे सतत जळत राहिले तर चक्र बिघडतं आणि तू उगाच हार्मोनला दोष देत बसशील.

अंडाशयाची एक मुख्य नस त्याला धरून ठेवणाऱ्या अस्थिबंधातून येते, बाकीच्या नसा धमनीसोबत येतात. त्यांतून नॉरॲड्रेनॅलिन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं. नस तोडली तरी अंडाशय बंद पडत नाही. मुख्य हुकूम मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या एफएसएच आणि एलएच या हार्मोनांचा, नस फक्त रेडिओचा आवाज कमी-जास्त करते. म्हणून फरक बारीक दिसतो. शस्त्रक्रियेचा ताणही हार्मोन हलवतो, त्यामुळे तुलनेला, नस न कापता नुसतं पोट उघडून शिवलेला गट हवाच. डाव्या-उजव्या अंडाशयाच्या नोंदी वेगळ्या ठेव.

आणि घरचे पीसीओएसचं, म्हणजे बायकांमधल्या अंडाशयाच्या हार्मोन-विकाराचं, औषध विचारतीलच! डॉक्टरकडे पाठव, उंदरांवरून सल्ले देऊ नकोस.