परवाना-पुस्तक कोणाच्या हाती? सामूहिक वनहक्कांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहेच. मग सामूहिक वनहक्काचा वेगळा दावा कशासाठी करायचा?

उत्तर : संयुक्त व्यवस्थापनात जंगल आणि अटी दोन्ही वनखात्याच्या, गावाचा केवळ सहभाग. वनहक्क कायदा, 2006 मधील कलम 3(1)(झ) मात्र परंपरेने जपलेल्या वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकार गावालाच देते. अर्थात, अधिकारपत्र मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर वनावर हक्क मिळाला. पण बांबू गौण वनोपजात, म्हणजे लाकडाव्यतिरिक्तच्या वनउत्पन्नात, मोडतो असे कायद्यातच लिहिलेले असूनही वाहतूक परवान्याअभावी तो गावाबाहेर नेता येईना. अखेर एप्रिल 2011 मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे सोपवले. भागीदारी खरी की कागदावरची, हे मी तरी त्या पुस्तकावरून ओळखतो.

प्रश्न : पैसा दिसू लागल्यावर गावकरीच जंगल तोडणार नाहीत कशावरून?

उत्तर : शंका रास्त आहे, मात्र ती ठेकेदाराबाबत इतक्या तत्परतेने कोणी घेत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला 2012 मध्ये सुमारे 1,000 हेक्टरवर हक्क मिळाला. तेंदूपत्त्यासाठी जंगलात आगी लावल्या जातात आणि झाडांच्या फांद्या छाटल्या जातात, हे पाहून ग्रामसभेने हाती येणारे उत्पन्न सोडून तेंदू तोडणेच थांबवले, बांबूवर भर दिला आणि वनाचा काही भाग कोणतीही तोड न करता राखून ठेवला.

बांबूलाही शिस्त लागते. यंदाचे कोंब आणि गेल्या वर्षीची कोवळी काठी बेटातच ठेवायची, पक्व काठी तेवढी तोडायची, तीही जमिनीपासून वीतभर उंचीवर, पेऱ्याच्या गाठीच्या लगेच वर, म्हणजे खुंटात पाणी साचून तो कुजत नाही. ठरलेल्या दराने काठ्या मोजून घेणाऱ्याला पुढच्या वर्षीच्या बेटाची चिंता नसते; ज्याला त्याच बेटाकडे परत यायचे आहे, त्याला ती असते. शिवाय वन्यजीव, जैवविविधता आणि पाणलोट जपणे हे कलम 5 नुसार ग्रामसभेचे कामच आहे, त्यामुळे हक्क आणि जबाबदारी एकाच कायद्यातून येतात.

प्रश्न : आमच्या वनातील तळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी होते. त्याचा दावा करता येईल का?

उत्तर : होय. पाणवठ्यातील मासे व इतर उत्पन्नाचा वापर कायद्याने सामूहिक हक्क मानला आहे. असा दावा नमुना ‘ब’ मध्ये आणि संपूर्ण वनाचे व्यवस्थापन हवे असल्यास नमुना ‘क’ मध्ये करावा. निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या वहिवाटीच्या हक्कांची सरकारी नोंद, असल्यास उत्तमच. नसल्यास वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात. एकटा जबाब मात्र पुरत नाही, जोडीला आणखी एक पुरावा लागतो. म्हणून जबाब घेताना त्या वृद्धांना तळ्यावर नेऊन जाळे कुठे टाकत, वाट कुठून जाई, हे वनहक्क समितीने नकाशावर खुणा करून घ्यावे.