सुई टोचली असेल तर आधी गोळी, मग अर्ज

तुझी पोस्ट वाचली. जीएनएम या नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष, तोंडी परीक्षा जवळ आलेली आणि संसर्ग नियंत्रण व औषध सुरक्षितता यांतल्या शब्दांचे अर्थ सोप्या मराठीत हवेत. त्याबद्दल खाली लिहिते. पण पोस्टच्या शेवटी तू जाता जाता लिहिलं आहेस की परवा नाइटला सुई टोचली, सीनिअर म्हणाल्या धुऊन टाक, एवढ्याने काही होत नाही, कॉलेजला कळलं तर उगाच खुलासा द्यावा लागेल. हे उत्तर मुख्यतः त्या दोन ओळींसाठी आहे.

परवा नाइटला म्हणजे अजून ७२ तास झालेले नाहीत. बाकीचं नंतर वाच, आधी नीघ. तुमच्याच रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जाऊन सांग, ‘नीडल स्टिक इंज्युरी झाली आहे, पीईपीसाठी तपासा.’ (पीईपी म्हणजे एचआयव्ही रोखायच्या गोळ्या, खाली सविस्तर सांगते.) तिथे टोलवाटोलवी झाली तर वाद घालत थांबू नकोस, जवळच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात जा. केंद्र कुठे आहे ते माहीत नसेल तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर विचार. मी नर्स आहे, डॉक्टर नाही. गोळ्या घ्यायच्या की नाही हे तिथले डॉक्टर जखम आणि रुग्णाची माहिती बघून ठरवतील. पण तो निर्णय त्यांनी घ्यायला हवा, तुझ्या सीनिअरने नाही.

इतक्या घाईने का लिहिते आहे ते सांगते. मी शिकत असताना फिमेल मेडिकल वॉर्डला होते. डिस्चार्ज झालेल्या बाईंची चादर काढून गुंडाळत होते आणि घडीत अडकलेली सुई ग्लोव्हमधून आरपार तळहातात गेली. रक्त काढून कुणीतरी ती गादीवरच टाकली होती. सिरिंज नव्हती, नुसती सुई, आत वाळत आलेलं रक्त. कॅज्युअल्टीत गेले तर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तुम्ही विद्यार्थी, स्टाफ नाही, कॉलेजचं पत्र आणा. कॉलेजचं ऑफिस बंद झालेलं. दुसऱ्या दिवशी क्लार्क म्हणाले, अर्ज ट्यूटरमार्फत येऊ द्या. ट्यूटर रजेवर. दुसऱ्या मॅडमनी सही दिली, तर आवक क्रमांक पडल्याशिवाय तो अर्ज पुढे सरकेना. प्राचार्यांच्या सहीनंतर पत्र रुग्णालयात पोचलं, तर तिथल्या ऑफिसने विचारलं, घटना घडली त्या दिवशी नोंद का नाही?

या सगळ्या वेळात गोळ्यांचा डबा कॅज्युअल्टीच्या कपाटातच होता. ज्या सिस्टरांकडे किल्ली होती त्यांनी नंतर मला स्वतः सांगितलं. शेवटी एआरटी केंद्रातल्या एका समुपदेशक ताईंनी माझ्याकडचा एकही कागद न बघता मला डॉक्टरांसमोर बसवलं आणि पहिला डोस तिथेच गिळायला लावला. तोपर्यंत ७२ तासांतले अगदी थोडे उरले होते. पुढे सहा महिने दर तपासणीच्या आदल्या रात्री झोप नाही. घरी काही सांगता आलं नाही. रिपोर्ट सगळे निगेटिव्ह आले, पण त्या ऑफिसने माझे जे तास खाल्ले त्याचा राग आजही आहे आणि तो मी लपवत नाही.

पीईपी म्हणजे संसर्गाची शक्यता घडून गेल्यानंतर एचआयव्ही शरीरात रुजू नये म्हणून घ्यायची औषधं. शक्यतो २ तासांच्या आत सुरू करायची आणि ७२ तासांनंतर तिचा उपयोग धरत नाहीत. म्हणून पहिला डोस आधी आणि रक्ताचे रिपोर्ट मागून, असा क्रम असतो. रुग्णाची तपासणी निगेटिव्ह आली तर डॉक्टर गोळ्या थांबवू शकतात. उशीर मात्र भरून काढता येत नाही. सध्या आपल्याकडे टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर ही तीन औषधं २८ दिवस देतात, बहुधा एकाच गोळीत. आमच्या वेळच्या गोळ्यांनी पोटात काही ठरत नसे, या खूपच सुसह्य आहेत. नर्सिंगच्या बऱ्याच मुली लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेत असतात. त्या उपाशीपोटी सोबत घेतल्या तर डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही. चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांग, अॅसिडिटीचीसुद्धा. तपासण्या लगेच, मग ६ आठवड्यांनी, ३ महिन्यांनी आणि ६ महिन्यांनी. तोवर रक्तदान करायचं नाही.

भीती योग्य मापात असावी म्हणून आकडे देते. एचआयव्ही असलेल्या रुग्णाची सुई टोचल्यावर संसर्ग होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. हिपॅटायटिस बी मात्र लस न घेतलेल्या माणसाला ६ ते ३० टक्के. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि बी विसरतात. तुझे ०, १ आणि ६ महिन्यांचे तिन्ही डोस झाले आहेत का? झाले असतील तर अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते दाखवणारी रक्ततपासणी, केलीस का? ते १० किंवा जास्त असेल तर बीची काळजी नाही. लस अपुरी असेल तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागू शकतं, तेही शक्यतो २४ तासांत, तरी ७ दिवसांपर्यंत देतात. म्हणजे तुला अजून उशीर झालेला नाही, हा प्रश्न आजच विचार. हिपॅटायटिस सीसाठी अशी आगाऊ गोळी नाही, तपासण्या करत राहायच्या. पण झालाच तर तो आता गोळ्यांनी बरा होतो आणि राष्ट्रीय कार्यक्रमात उपचार मोफत आहेत.

माझं ठाम मत आहे की लसीचं कार्ड आणि टायटर बघितल्याशिवाय कुठल्याही मुलीला वॉर्डला पाठवूच नये. कॉलेजं गणवेशाचा रंग, केसांची जाळी, नखं सगळं तपासतात आणि हे राहून जातं. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे.

‘विद्यार्थी म्हणजे स्टाफ नाही’ हे वाक्य तुलाही ऐकवतील. मी वकील नाही, मला कळलं तेवढं सांगते. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात आरोग्यसेवा देणाऱ्या संस्थेने तिथे काम करणाऱ्या, संसर्गाचा धोका असलेल्या सर्व व्यक्तींना पीईपी द्यावी असं म्हटलं आहे. वॉर्डात इंजेक्शन देताना आपण काम करणाऱ्या असतो. मग सुई टोचल्यावर बाहेरच्या कशा होतो?

जखम पिळायची नाही, तोंडात धरायची नाही, स्पिरिट किंवा ब्लीच ओतायचं नाही, साबण आणि वाहतं पाणी पुरे. हे तुला माहीत असेलच. रीकॅपिंगचंही, म्हणजे वापरलेल्या सुईला परत टोपी घालण्याचंही तेच, करायचं नाही आणि अगदी अडलंच तर एका हाताने. सुई कटरमधून पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात. सुई काढलेली प्लास्टिकची सिरिंज लाल पिशवीत, काचेच्या व्हायल आणि अँप्युल निळ्यात, रक्ताचा कापूस पिवळ्यात. रंग तोंडीत नक्की विचारतात.

आता तू मागितलेल्या शब्दांची यादी. स्टँडर्ड प्रिकॉशन्स, असेप्सिस यांच्या व्याख्या पुस्तकात मिळतील, त्या इथे लिहीत नाही. परीक्षक जिथे अडवतात तेवढं सांगते. निर्जंतुकीकरणात बीजाणू, म्हणजे जिवाणूंची टणक कवचातली रूपंही मरतात, डिसइन्फेक्शनमध्ये ते मरतीलच असं नाही. अल्कोहोलचा हँडरबही बीजाणूंवर चालत नाही, म्हणून क्लॉस्ट्रिडियम (आताचं नाव क्लॉस्ट्रिडिऑइडिस) डिफिसिल या जिवाणूच्या जुलाबाच्या रुग्णानंतर साबण-पाण्यानेच हात धुवायचे. क्षय आणि गोवर हवेतून पसरतात, तिथे साधा मास्क पुरत नाही, एन-९५ लागतो. ग्लोव्ह काढल्यावरही हात धुवायचेच.

औषधांच्या बाजूला ‘हाय अलर्ट’ हा शब्द पक्का कर. चूक झाली तर रुग्णाला मोठी इजा होईल अशी औषधं, उदाहरणार्थ इन्सुलिन, रक्त गोठू न देणारं हेपॅरिन, पोटॅशियम क्लोराइड. इन्सुलिनवर थोडं जास्त लिहिते, कारण आपल्याकडे दोन ताकदी एकाच वॉर्डात नांदतात. व्हायल बहुतेक ४० युनिट प्रति मिलिची, तिची लाल टोपीची सिरिंज. पेनचं कार्ट्रिज १०० चं आणि १०० च्या सिरिंजची टोपी केशरी. कुणी पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर ते अर्धा मिलि भरतं, म्हणजे ५० युनिट. अडीच पट! साखर कोसळलेला रुग्ण पहाटे घामाने भिजलेला सापडतो आणि आधी कुणाला कारणच कळत नाही. व्हायलवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून, दुसऱ्या सिस्टरला दाखवूनच भरायचं. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहायचा. नुसतं इंग्रजी यू अक्षर घाईत शून्यासारखं दिसतं आणि १० चे १०० होतात.

‘निअर मिस’ म्हणजे रुग्णापर्यंत पोचण्याआधी पकडलेली चूक. आमच्या वॉर्डात एकदा सकाळी ट्रॉली लावताना डिस्टिल्ड वॉटरच्या ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडची अँप्युल निघाली. दोन्ही दहा मिलिच्या, पारदर्शक प्लास्टिकच्या, लेबलचा रंगही जवळपास तोच. पोटॅशियम पातळ न करता शिरेतून दिलं तर हृदय बंद पडू शकतं. नोंद केली. इन्चार्ज सिस्टरांनी कुणाचं नाव न विचारता त्याच दिवशी पोटॅशियम वेगळ्या कुलपात हलवलं आणि वर मोठ्या अक्षरांत पट्टी लावली. नोंद झाली की असं काम होतं. जिथे नोंद म्हणजे खुलासा, तिथे मुली गप्प राहतात आणि सुया चादरीत सापडत राहतात.

औषधाचा त्रास झाल्याचा नुसता संशय असला तरी कळवता येतो, फार्माकोव्हिजिलन्सची, म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या कार्यक्रमाची हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. सिद्ध करायची जबाबदारी तुझी नाही.

केंद्रातून आल्यावर घटनेची नोंद स्वतःच्या हाताने लिही. तारीख, वेळ, वॉर्ड, सुई कसली, पोकळ की शिवणीची, रक्त दिसत होतं का, ग्लोव्ह होता का, रुग्णाचा आयपीडी (भरतीचा) क्रमांक, धुतलंस कधी, कुणाला सांगितलंस, त्या काय म्हणाल्या, पहिला डोस किती वाजता. दोन प्रती काढ, एकीवर पोच घे, फोटो काढून ठेव. सीनिअरचं नाव घालायची भीती वाटत असेल तर ‘ड्युटीवरील सिस्टर’ एवढं पुरे. आज मला नाइट आहे, दुपारी दोनपर्यंत जागी असेन. कुणी पत्र आणायला परत पाठवलं तर व्यक्तिगत संदेशात लगेच कळव, मी फोनवर बोलते त्यांच्याशी.