सभेला तुफान गर्दी, मग प्रायमरीत मतं कुठे जातात?

प्रश्न असा आहे की अमेरिकेत पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार कोण हे ठरवणाऱ्या मतदानात, ज्याच्या सभांना सगळ्यात जास्त गर्दी होते तोच शेवटी उमेदवार होतो का, आणि होत नसेल तर मग ट्रम्पच्या वेळी ते कसं काय खरं ठरलं.

माझं उत्तर: गर्दी बघून प्रायमरीचा निकाल सांगता येत नाही. आणि हे मी टीव्हीवर बघून नाही तर अशा एका गर्दीत स्वतः तीन तास उभी राहून सांगतेय.

१७ एप्रिल २०१६, रविवार होता. मी तेव्हा जर्सी सिटीत राहायचे, एच-वन-बी वर नोकरी, आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये बर्नी सँडर्सची सभा होती, तो डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागत होता. माणूस ब्रुकलिनचाच, तिथेच जन्मलेला, वाढलेला. मैत्रिणीबरोबर पाथ ट्रेन, मग सबवे बदलून गेले. छान ऊन पडलेलं, बाबागाड्या घेऊन आलेली जोडपी, कॉलेजची पोरं, गिटारवाले, खांद्यावर बसलेली लहान मुलं. कॅम्पेनने आकडा सांगितला २८ हजार. त्याच्या आधीच्या बुधवारी मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन स्क्वेअरला २७ हजार, मार्चअखेरीस ब्राँक्सला साडेअठरा हजार. म्हणजे अडीच आठवड्यांत एकाच शहरात सत्तर हजारांवर माणसं. त्याच उमेदवारीसाठी समोर असलेल्या हिलरी क्लिंटनच्या सभांना याच्या जवळपाससुद्धा लोक नव्हते. मी घरी येताना मैत्रिणीला शंभर टक्के खात्रीने म्हटलं की मंगळवारी हा न्यूयॉर्क घेणार.

मंगळवारी निकाल लागला. क्लिंटन ५८, सँडर्स ४२. मतांचा फरक तीन लाखांच्या आसपास. आणि ज्या ब्रुकलिनमध्ये आम्ही उभे होतो तिथेच क्लिंटनला साधारण ६० टक्के!

मला खरंच धक्का बसला होता. मग मी आठवायला लागले की माझ्या आजूबाजूला नक्की कोण उभं होतं. मी स्वतः नागरिक नाही, मत शून्य. मैत्रीण पुण्याची, तिचंही तेच. आणि आम्ही नागरिक असतो तरी आमचं मत न्यू जर्सीत, तिथली प्रायमरी ७ जूनला. समोर एक जोडपं होतं ते कनेटिकटहून आलेलं, त्यांचं मतदान पुढच्या आठवड्यात, पण त्यांच्या राज्यात. आणि शेजारी कॉलेजचा एक पोरगा होता, न्यूयॉर्कचाच, घसा बसेपर्यंत ओरडत होता, तो म्हणाला मी इंडिपेंडंट म्हणून रजिस्टर आहे, मंगळवारी मला मत देता येणार नाही. मला वाटलं चेष्टा करतोय. नव्हता करत.

हे नीट समजून घ्या, कारण सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं ते वरून ठरतं, दिल्ली नाहीतर मुंबई. तिथे तिकीट मतदार ठरवतात, पण कोणते मतदार, हे प्रत्येक राज्याचा कायदा वेगवेगळा ठरवतो. काही राज्यांत कोणीही जाऊन कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतं. न्यूयॉर्कमध्ये नाही. तिथे तुमचं नाव त्या पक्षाचा मतदार म्हणून यादीत पाहिजे, आणि आधीच रजिस्टर असलेल्याला २०१६ च्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायची मुदत होती ९ ऑक्टोबर २०१५. एप्रिलच्या मतदानासाठी ऑक्टोबरची मुदत, सहा महिने आधी, जेव्हा बऱ्याच लोकांनी सँडर्सचं नावसुद्धा नीट ऐकलेलं नव्हतं! ट्रम्पची स्वतःची मुलं, इव्हान्का आणि एरिक, यांची मुदत हुकली आणि त्यांना बापालाच मत देता आलं नाही. राज्यात डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन म्हणून नाव नसलेले मतदार तीस लाखांच्या आसपास, ते सगळे बाहेर. वर ब्रुकलिनमध्ये लाखावर नावं यादीतून उडालेली निघाली, तो गोंधळ वेगळाच.

माझे काका मिरजेत वर्षानुवर्षं बूथवर बसायचे, पक्ष कुठला ते राहू दे. सभेत त्यांना अजिबात रस नसायचा. कोणी सांगत आलं की मैदान भरलं, तर त्यांचा एकच प्रश्न, ‘त्यातली आपल्या यादीतली किती?’ मतदानाच्या दिवशी दुपारी दोन वाजता यादी पुढ्यात, कोण आलं त्यावर टिक, कोण नाही आलं त्याच्या घरी पोरगा पाठवायचा, आजींना रिक्षा पाठवायची. मी लहानपणी हे बघितलंय आणि तरी प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये मी ते साफ विसरले.

महाराष्ट्रातलं २०१९ आठवत असेल तुम्हाला. लोकसभेला राज ठाकरेंच्या सभा, मैदानं ओसंडून वाहतायत, ‘लाव रे तो व्हिडिओ’ घराघरात. पण मनसेचा एकही उमेदवार रिंगणात नव्हता, आणि ज्यांच्या विरोधात त्या सभा होत्या त्या युतीला ४८ पैकी ४१ जागा मिळाल्या. ती सार्वत्रिक निवडणूक होती, प्रायमरी नाही, पण एक गोष्ट सारखी आहे, मैदानातल्या माणसासाठी मतदान यंत्रावर त्याच्या आवडत्या वक्त्याचं बटणच नव्हतं. कोणी म्हणेल मग साताऱ्याची पावसातली सभा? ती चालली असं मलाही वाटतं, पण तिथे किती हजार माणसं होती हे कोणाला आठवतंय? लोकांना आठवतोय तो भिजत बोलणारा म्हातारा माणूस, आणि तो त्यांनी मोबाईलवर बघितला.

आता पुरावा म्हणून मला सगळ्यात पटलेली गोष्ट सांगते, ती वॉशिंग्टन राज्याची, म्हणजे सिअ‍ॅटलवालं राज्य. तिथे २०१६ ला डेमोक्रॅट्सचं दोनदा झालं. २६ मार्चला कॉकस, म्हणजे ठरलेल्या वेळी शाळेच्या हॉलमध्ये नाहीतर कुठेतरी जमायचं, तास-दोन तास बसायचं, सगळ्यांसमोर बाजू घ्यायची. त्यात साधारण सव्वादोन लाख लोक आले आणि सँडर्सला ७३ टक्के. मग २४ मे ला सरकारी प्रायमरी, पोस्टाने मतपत्रिका घरी येते, भरायची आणि पाठवायची. तिचा डेलिगेट्सशी, म्हणजे शेवटी उमेदवार ठरवणाऱ्या प्रतिनिधींशी, काही संबंध नव्हता, तरी आठेक लाख लोकांनी मत दिलं आणि क्लिंटन जिंकली, ५२ टक्क्यांच्या आसपास. तेच राज्य, तोच पक्ष, तेच दोन उमेदवार, मध्ये दोन महिने. आता मे पर्यंत हवा थोडी बदलली होती हे खरं आहे, पण ७३ वरून ४८ इतकी हवा नाही बदलत. शनिवारची सकाळ देणारी माणसं वेगळी आणि किचन टेबलावर पाच मिनिटांत मतपत्रिका भरणारी वेगळी, आणि दुसरी खूप जास्त आहेत. सभेला जाणं हे कॉकसच्याही पुढचं, प्रवास करायचा, रांगेत उभं राहायचं, उन्हात तीन तास. इतकं प्रेम किती लोकांना आहे ते गर्दीवरून कळतं. साधारण बरा वाटतो म्हणून मत देणारे किती आहेत ते त्यात दिसतच नाही.

२०२० ला मी परत सँडर्ससाठीच काम केलं. नागरिक नसलात तरी बिनपगारी काम करता येतं, तर मी घरून फोन करायचे. साऊथ कॅरोलायनाच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, एका बाईंना फोन लागला, आवाजावरून सत्तरीच्या पुढच्या, अगदी गोड बोलल्या. म्हणाल्या तुमचा माणूस चांगला आहे, पण जिम क्लायबर्नने जो बायडन सांगितलाय आणि आम्ही जोला ओळखतो. मी विचारलं तुम्ही बायडनच्या सभेला गेला होतात का? हसल्या, म्हणाल्या माझे गुडघे दुखतात गं, मी फक्त चर्चला जाते आणि मत द्यायला जाते. तो फोन ठेवल्यावर मला काका आठवले, कारण ही बाई त्यांच्या यादीतली पक्की टिक होती, कुठल्याही फोटोत न दिसणारी.

क्लायबर्न म्हणजे तिथले जुने खासदार, बुधवारी त्यांनी बायडनला पाठिंबा दिला, शनिवारी २९ फेब्रुवारीला मतदान. बायडन ४८ टक्क्यांच्या वर, सँडर्स २० च्या आसपास. मतदानानंतरच्या पाहणीत जवळपास निम्म्या मतदारांनी सांगितलं की क्लायबर्नचा शब्द महत्त्वाचा होता. हा तोच बायडन जो आयोवात चौथा आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवा आला होता, ज्याच्या सभांचे फोटो टाकून लोक रिकाम्या खुर्च्या मोजायचे.

त्याच शनिवारी सँडर्सची बॉस्टन कॉमनवर सभा होती, दहा हजारांवर लोक. तीन दिवसांनी सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच मंगळवारी बऱ्याच राज्यांत मतदान, आणि मॅसॅच्युसेट्स बायडनने जिंकलं, जिथे त्याने प्रचाराची एक सभासुद्धा घेतली नव्हती! ८ मार्चला अ‍ॅन आर्बरच्या विद्यापीठात परत सँडर्सला दहा हजार, १० मार्चला मिशिगनमध्ये बायडन ५३, सँडर्स ३६. त्या आठवड्यात मी बातम्या बघणं बंद केलं होतं, खरंच त्रास होत होता. नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की बाकीचे मध्यममार्गी उमेदवार बाजूला झाले, ती मतं एका रात्रीत बायडनकडे गेली, आणि असल्या हालचालीला मैदान लागतच नाही, लोक घरी बसल्या बसल्या मन बदलतात.

कमला हॅरिसचंही बघा, जानेवारी २०१९ ला ओकलंडमध्ये वीस हजारांची सुरुवातीची सभा, आणि डिसेंबरमध्ये एकही मत पडायच्या आधी माघार. एलिझाबेथ वॉरनने त्याच वॉशिंग्टन स्क्वेअरला हजारोंनी लोक जमवले आणि स्वतःच्या राज्यात, मॅसॅच्युसेट्समध्ये, तिसरी आली.

आता उलटी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. पोर्टलंडला ऑगस्ट २०१५ मध्ये सँडर्सला २८ हजार लोक आले होते आणि ओरेगन त्याने नंतर जिंकलं, तेही बंद प्रायमरी असून, म्हणजे न्यूयॉर्कसारखीच फक्त पक्षाच्या यादीतल्यांसाठी. न्यू हॅम्पशायर त्याने ६० विरुद्ध ३८ ने घेतलं. व्हरमाँटसारख्या छोट्या राज्याचा, पक्षाचा साधा सदस्यही नसलेला सिनेटर एकूण ४३ टक्के मतांपर्यंत पोचला, त्यात सभांचा हात नक्की होता. सभेतून पैसा येतो, सरासरी २७ डॉलरची देणगी हे त्याच्या कॅम्पेनचं ब्रीदच झालं होतं, आणि फोन करणारे, दारोदार फिरणारे हात येतात. मी स्वतः त्या सभेमुळेच चार वर्षांनी फोनवर बसले.

आणि ट्रम्प, तो रिपब्लिकन पक्षात. ऑगस्ट २०१५ ला अलाबामात मोबाईल नावाच्या गावी फुटबॉलच्या स्टेडियममध्ये वीस ते तीस हजार लोक, आणि मार्चमध्ये अलाबामा त्याने ४३ टक्क्यांनी घेतलं. पण दोन गोष्टी बघा. एक म्हणजे २०१५ च्या उन्हाळ्यापासून तो पोल्समध्येही बहुतेक वेळ पहिलाच होता, म्हणजे गर्दीने वेगळं काही सांगितलंच नव्हतं, पोल जे सांगत होते तेच मैदानात दिसत होतं. सँडर्सच्या वेळी देशभरचे पोल क्लिंटनला पुढे दाखवत होते आणि आम्ही ते सोडून मैदानाकडे बघत बसलो. दुसरं म्हणजे समोर सोळा जण, मतं फुटलेली, तिथे पस्तीस-चाळीस टक्क्यांतही राज्य मिळतं. क्लिंटनविरुद्ध एकास एक लढतीत ४३ टक्के म्हणजे हार, ट्रम्पला अलाबामात तेवढ्यातच दणदणीत विजय. आणि आयोवात, जिथे घरोघरी माणूस लागतो, तिथे तोच ट्रम्प टेड क्रूझकडून हरला, २४ विरुद्ध २७ च्या आसपास, क्रूझची गावोगावची बांधणी जास्त पक्की होती म्हणून.

गर्दीचं मत करता येतं, पण ते करावं लागतं. ९ डिसेंबर २००७, साऊथ कॅरोलायनातलं कोलंबिया, विद्यापीठाचं फुटबॉल स्टेडियम, ओबामासाठी ओप्रा विन्फ्री आलेली आणि २९ हजारांच्या आसपास लोक. आता बहुतेक लोक ओप्राला बघायलाच आलेले असणार, तिथे नुसतं भाषण करून सोडून दिलं असतं तर ती जत्राच झाली असती. पण कॅम्पेनच्या पोरांनी लोकांच्या हातात मतदारांची नावं आणि फोन नंबर दिले, प्रत्येकी चार, आणि मंचावरून सांगितलं की आत्ता मोबाईल काढा आणि इथूनच फोन लावा. स्टेडियमभर लोक कानाला फोन लावून अनोळखी माणसांशी बोलतायत! सात आठवड्यांनी मतदान झालं, ओबामा ५५, क्लिंटन २७. सगळं श्रेय त्या दिवसाला नाही देता येणार, पण काकांनी हे बघितलं असतं तर पहिल्यांदा एखाद्या सभेला बरं म्हटलं असतं असं मला वाटतं.

म्हणून पुढच्या प्रायमरीत ड्रोनमधून काढलेला गर्दीचा फोटो आला की मी बघते ते राज्य कुठलं, प्रायमरी बंद की खुली, नाव नोंदवायची मुदत संपली की आहे, आणि गेटवर कागद घेऊन कोणी उभं आहे का. प्रॉस्पेक्ट पार्कमध्ये शेकडो कार्यकर्ते होते, मनापासून राबणारे होते, पण एप्रिलमध्ये त्यांच्या हातात काहीच उरलं नव्हतं. माझ्या शेजारच्या त्या पोराला कोणीतरी सप्टेंबरमध्ये गाठायला पाहिजे होतं, एका फॉर्मवर पक्षाच्या नावापुढे खूण करायला.